आधी घराण्याचे नाव

मला जपानी भाषेतील चार वाक्ये येतात. चारही स्वतःची ओळख करून देण्याची आहेत. पाचवे शिकण्याची वेळ आली नाही, आणि आली असती तरी मी ते शिकलो नसतो.

माझी नात पुण्यात जपानीच्या वर्गाला जाते. मागच्या महिन्यात ती गावी आली होती. आरशासमोर उभी राहून ती धडा घोकत होती आणि आपल्याच नावापुढे 'सान' लावत होती. वर्तमानपत्र खाली न ठेवता मी सांगितले, "सान दुसऱ्याच्या नावाला लावायचे, स्वतःच्या नाही. आणि आधी घराण्याचे नाव, मग आपले."

तिने विचारले, आजोबा, तुम्ही हे कुठे शिकलात?

"लढाईत," मी म्हणालो. पुढचे सांगितले नाही. आता लिहून ठेवतो. ज्यांना त्याचा त्रास झाला असता, ती माणसे आता उरलेली नाहीत.

आमचे गाव कळंबपासून दोन कोसांवर. राज्य निजामाचे होते आणि शाळा उर्दू. मी कळंबला सातवीपर्यंत शिकलो, तेवढ्यावर गावाने मला मुन्शी ठरवले. शाळेत पहिल्या दिवशी शिकवले ते नाव सांगणे. उभे राहायचे. आधी स्वतःचे नाव, मग 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा, मग बापाचे नाव, मग 'साकिन' म्हणून गावाचे नाव. तहसिलीतही हाच क्रम चाले. आडनाव कोणी विचारत नसे. गावात आडनावे होती, पण ती सोयरीक जुळवताना बाहेर निघत. इतर वेळी ती कोणाच्या लक्षातही नसत.

आमच्या शेजारच्या घरी एक मापाडी राहत. सारा गाव त्यांना आप्पा म्हणे. कळंबच्या बाजारात धान्याची रास पायलीने मोजून देणे हे त्यांचे काम. मापाडी मोजताना आकडा मोठ्याने म्हणतो, मात्र पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. आप्पांचा आवाज बाजाराच्या वेशीपर्यंत ऐकू येई.

त्यांना एकच मुलगा. आप्पांनी त्याला आपल्या वडिलांचे नाव ठेवले होते. आमच्याकडे तशी रीत आहे. वडिलांचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, हीही रीत आहे. त्यामुळे ठेवलेले नाव कागदावरच राहिले. घरात आणि गावात तो 'दादा' होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आप्पांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचे सर्व यावरच उभे आहे.

आम्ही दोघे एकाच दिवशी सैन्यात भरती झालो. मी कोठीवर लिहिणारा, तो शिपाई. त्याचे लग्न त्याच वर्षी झाले होते. सिंगापूर पडले आणि आम्ही जपान्यांचे कैदी झालो. तेथे काही जणांनी फौज बदलली. आम्ही बदलली नाही. त्यात शौर्य नव्हते. पुन्हा एकदा भरती होण्याचे त्राण दोघांतही नव्हते, इतकेच.

आम्हाला बंदरावरील तांदळाच्या गोदामात पोती वाहण्यास लावले. रोज सकाळी रांगेत उभे करून मोजणी होई. प्रत्येकाने आपला आकडा जपानीत ओरडून सांगायचा. पहिल्या दिवशी दादा रांगेत पहिला होता. त्याने आकाशाकडे पाहिले आणि ठणठणीत आवाजात म्हटले, "लाभ."

पहारेकऱ्याने थोबाडीत मारली. दादाने तोंड पुसले आणि पुन्हा म्हटले, "लाभ." त्याच्या हाडात तो शब्द होता, पहिल्याला दुसरे काही म्हणतात, हे त्याला आठवतच नव्हते. शेवटी दुभाष्या आला. हा दुभाष्या वयस्क, हडकुळा मनुष्य होता. लढाईपूर्वी मुंबईत कापसाचा व्यापार करी, त्यामुळे त्याला मोडकी हिंदुस्तानी येत असे. मी त्याला मापाड्याची रीत समजावून सांगितली. त्याने वही काढून तो शब्द लिहून घेतला. पहारेकऱ्याला काय सांगितले कोण जाणे, पण दुसरी थोबाडीत बसली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी गोदामावर नवा अधिकारी येणार होता. प्रत्येक कैद्याने त्याच्यासमोर जपानी पद्धतीने आपली ओळख करून द्यावी आणि त्यावरून नवी यादी लिहिली जावी, असा हुकूम निघाला. दुभाष्याने मला चार वाक्ये शिकवली आणि माझ्या टोळीतील बावीस जणांना ती शिकवण्याचे काम माझ्यावर टाकले. मुदत एका संध्याकाळची.

पहिले वाक्य 'हाजिमेमाश्ते': आपण पहिल्यांदाच भेटत आहोत. दुसरे 'वाताकुशि वा' म्हणून आपले नाव आणि शेवटी 'देस': मी अमुक आहे. तिसरे 'इंदो कारा किमाश्ता': मी हिंदुस्थानातून आलो. चौथे 'दोझो योरोशिकु': मला सांभाळून घ्यावे. या चारही वाक्यांआधी कमरेतून वाकायचे, हात मांड्यांना चिकटवून. वाकून झाल्यावरच बोलायचे; दोन्ही एकदम करायचे नाही.

दिवसभर पोती वाहिलेली माणसे. कोणाला 'किमाश्ता' येईना, कोणाला वाकल्यावर उठता येईना. दादाला मी सर्वांत शेवटी घेतले, कारण तो आपला होता.

"मुन्शी," तो म्हणाला, "सान म्हंजी तीन, व्हय ना? मोजणीत तर तिसरा गडी सान म्हणतोय."

"तीन बी सान, अन् नावापुढं राव लावतो ते बी सान."

"मग तिसऱ्या गड्याची मजा हाय. रोज सकाळी राव."

"तुझ्या नावाला लावायचं न्हाय. आपण आपल्याला राव म्हणायचं न्हाय. अन् आधी घराण्याचं नाव सांगायचं, मग आपलं."

"घराण्याचं म्हंजी कोन्चं?"

"बापाकडून आलेलं."

"बापाकडून तर बापाचंच नाव आलं. 'वल्द'ला सांगतो ते. आधी त्ये सांगू?"

त्याने नीट विचारले होते. मी भिंतीला पाठ टेकली होती. एकवीस जणांना सांगून माझा घसा बसला होता. घराण्याचे नाव म्हणजे आडनाव, बापाचे नाव नव्हे, एवढेच सांगावयाचे होते. मी म्हणालो, "व्हय. सांग."

दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगली ओळख त्याचीच झाली. तो नेमका वाकला, नेमका उठला. मापाड्याच्या आवाजात त्याने आधी बापाचे नाव घेतले, मग स्वतःचे, मग 'देस'. अधिकाऱ्याने मान हलवली. लेखनिकाने त्याच क्रमाने लिहिले आणि गाव विचारून पुढच्या रकान्यात टाकले. चूक मला त्याच क्षणी उमगली. पण ती दुरुस्त करण्यासाठी रांगेतून पुढे जावे लागले असते, वाकावे लागले असते, दुभाष्याला हाक मारावी लागली असती. ऊन होते. पंधरा जण अजून बाकी होते. मी गप्प उभा राहिलो.

लढाई संपण्याच्या सहा महिने आधी दादा हगवणीने गेला. मी जवळ होतो. त्याविषयी याहून अधिक लिहावयाचे नाही.

त्याचे मरण त्या यादीवर नोंदले गेले. पुढे यादी इंग्रजीत उतरली, तेथून उर्दूत उतरून आमच्या तहसिलीत आली. आमच्याकडच्या कारकुनाने आमच्याकडच्या क्रमाने वाचली: पहिले नाव माणसाचे, दुसरे त्याच्या बापाचे. पहिले नाव आप्पांचे होते. दुसरे दादाचे, पण दादाचे नाव म्हणजेच आप्पांच्या वडिलांचे नाव. दोन्ही मिळून आप्पांचे नाव, वल्दसकट, गावासकट, बिनचूक तयार झाले. वयाचा रकाना कोरा होता. साठीला आलेला मापाडी लढाईवर केव्हा गेला, हे कोणी विचारले नाही. तहसिलीने आप्पांना 'फौत', म्हणजे मृत, लिहिले आणि तसा कागद आप्पांच्याच घरी धाडला. तो आप्पांनीच घेतला.

मी पायाच्या दुखण्याने बरेच महिने इस्पितळात होतो. गावी परतलो तेव्हा कागद येऊन वर्ष होत आले होते.

आप्पा भेटायला आले. माझ्या पायाची चौकशी केली. समुद्राचे पाणी खरोखर खारट असते का, असे विचारले. मुलाविषयी अक्षर काढले नाही. मी तोंड उघडले तसा त्यांनी खिशातून कागद काढून माझ्या हाती दिला.

"तू शिकलेला हाईस. वाच."

मी वाचला.

"कोन मेलं म्हनतोय त्यो?"

"कागदावर तुम्ही, आप्पा. पण..."

"मग झालं." कागद त्यांनी परत घेतला. "म्या मेलो. दादाचं त्यात काय न्हाय. येईल त्यो."

ते भोळे नव्हते. सारा गाव जाणून होता की लढाईवर कोण गेले होते. आप्पाही जाणून होते. पण कागदाने त्यांना एक फट ठेवली होती आणि ते तिच्यात शिरून बसले होते. तहसिलीत जाऊन 'मी जिवंत आहे' एवढे सांगितले असते, तर त्यांच्यावरचा 'फौत' शिक्का निघाला असता. तो निघाला की दुसऱ्या कोणावर तरी बसणार होता. म्हणून ते वर्षभर गेले नव्हते.

बाजारात त्यांचा परवाना बंद झाला होता. व्यापाऱ्यांनी तरी त्यांना मोजू दिले. थट्टा मात्र चाले. एकदा मी उभा असताना एक आडत्या म्हणाला, "आप्पा, सरकारच्या दप्तरी तुम्ही गेलात. मग तुमचं माप आम्ही खरं धरावं का न्हाय?"

"धरा की," आप्पा पायली उचलत म्हणाले. "मेलेलं मानूस मूठभर बी घरी नेत न्हाय. असा मापाडी तुमास्नी कुठं गावायचा?"

माणसे हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी लाभ म्हटले आणि रास मोजायला घेतली.

आठवड्याभराने दादाची बायको आमच्या घरी आली. वय विशीचे असेल. माझी आई चुलीपाशी होती. ही उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"भावजी, माझा भाऊ सोनारीकडनं आलाय," ती म्हणाली. "तिकडं पाटाचं एक ठिकान बगितलंय. बरी मानसं हाईत म्हनतो. अमावास्येपोत्तर थांबत्यात."

पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. आमच्यात ते चालते. मात्र त्यासाठी बाई विधवा असावी लागते.

"आप्पा काय म्हणतात?"

"मामंजी म्हनत्यात, नवरा असता पाट कसा लावू. भाऊ कागद मागतो. कागद दावला तर त्यात सासरा मेलाय, अन् सासरा वसरीवर बसून तंबाखू मळतोय. हिरीवर बाया इचारत्यात, तू कोनाचं सुतक धरलंस. म्या काय सांगू?"

आई म्हणाली, "बस बाई जरा." ती बसली नाही.

"तुमी तितं व्हता. खरं सांगा."

"होतो, वहिनी," मी म्हणालो. "तो नाही."

"कवाचं?"

"दीड वर्ष झालं."

तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि सोडले. "दीड वरीस म्या कुंकू लावतेय," ती म्हणाली. मग म्हणाली, "मामंजीला तुमीच सांगा. तेवढा एक कागद हाय त्यांच्यापाशी. माझ्या हातानं काढून घेववत न्हाय."

ती गेल्यावर आईने मला जेवायला वाढले. मी जेवलो.

आप्पांना मी बाजार उठल्यावर गाठले. ते पायली उपडी घालून तिच्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसलो आणि सर्व सांगितले: चार वाक्ये, ती संध्याकाळ, घराण्याचे नाव, दादाने विचारलेला प्रश्न आणि मी दिलेले उत्तर. दुसऱ्या दिवशी उन्हात मी गप्प राहिलो, तेही सांगितले. त्याचे मरण शेवटी सांगितले. त्याला दोन वाक्ये लागली.

आप्पा म्हणाले, "त्यानं इचारलं व्हतं?"

"विचारलं होतं."

"नीट इचारलं व्हतं?"

"नीट विचारलं होतं, आप्पा. चूक माझी."

"व्हय. तुजीच." त्यात राग नव्हता. कमी भरलेले माप कमी म्हणावे, तसे ते म्हणाले. मग विचारले, "कसं म्हनला त्यो? त्यांच्या बोलीत?"

मी चारही वाक्ये म्हटली. नावाच्या जागी दादाने सांगितले तसेच सांगितले, आधी त्यांचे नाव, मग त्याचे. त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. तिसऱ्या खेपेला तेही ओठ हलवत होते.

"शेवटचं काय त्ये?"

"दोझो योरोशिकु. मला सांभाळून घ्या."

"असं म्हनला." आप्पांनी जमिनीवरचे जोंधळ्याचे चार दाणे वेचले आणि शेजारच्या राशीत टाकले. "सांभाळलं न्हाय कुनी."

मीही त्या कुणीत होतो.

उठताना ते म्हणाले, "माप चुकलं की मदल्या आकड्यावरनं धरता येत न्हाय. समदी रास परत मोजाया लागती. लाभापासनं." पायली काखेत मारली. "उद्या तहसिलीत ये माज्यासंगं. लिवायला मानूस लागंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तहसिलीत गेलो. दुपारपर्यंत बाहेर बसलो. पुकारा झाला तो आप्पांच्या नावाचा नव्हे, माझ्या. मृताच्या नावाने पुकारा करता येत नाही, असे शिपायाने सांगितले.

आत पेशकार, म्हणजे तहसीलदाराचा कारकून, बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, "क्या काम है?"

मी सांगण्याच्या आधीच आप्पा पुढे झाले. त्यांनी हात मांड्यांना चिकटवले, कमरेतून वाकले आणि सरळ झाले. सलामाची ती रीत नव्हती. पेशकाराने वर पाहिले.

"नाव सांगा," तो मराठीत म्हणाला.

आप्पांनी आधी स्वतःचे नाव सांगितले. मग वल्द. मग ते थांबले. वडिलांचे नाव होते ते, आणि मुलाचेही. ते त्यांनी हळू आवाजात उरकले. साकिन सांगितले. मग म्हणाले, "हयात."

पेशकाराने दप्तर काढायला लावले. नोंद सापडली. "यहाँ तो फौत लिखा है."

"मी न्हाय त्यो."

"मग फौत कोण?"

"माजा ल्योक."

"ल्योक असं लिहिता येत नाही, बुवा. नाव?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगू शकलो असतो. मला वाटते, सांगावे अशीच त्यांची अपेक्षा होती, किंवा नव्हती. आजही ठरवता येत नाही. या खेपेला मी गप्प राहिलो ते कंटाळून नव्हे. त्यांनी मान वळवली आणि मुलाचे नाव घेतले. बावीस वर्षे ज्याला दादा म्हटले, त्याचे नाव.

लेखणी थांबली. "ऐकू आलं नाही. दुबारा."

दुसऱ्यांदा त्यांनी ते बाजारात मोजणी करतात त्या आवाजात म्हटले. बाहेर बसलेली माणसे दाराशी आली. "वल्द," आप्पा पुढे म्हणाले, आणि आपले नाव सांगितले.

आधी मुलाचे, मग बापाचे. पेशकाराने तसेच लिहिले. मी वाकून पाहिले. या वेळी क्रम बरोबर होता. आप्पांनी अंगठा उठवला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. नव्या नोंदीची नक्कल मी खिशात ठेवली.

परतीच्या वाटेवर माझा पाय दुखत होता. आप्पा माझ्यासाठी सावकाश चालत होते. घराशी आल्यावर ते आत गेले नाहीत. अंगणात थांबून त्यांनी सुनेला पाणी मागितले. तिने घागर आणून दिली. स्मशानातून आल्यावर घेतात तसे त्यांनी धोतरासकट डोक्यावरून पाणी घेतले. ती पाहत उभी राहिली. कशाचे पाणी, हे तिने विचारले नाही. कपाळावरचे कुंकू तिने स्वतःच्या हाताने पुसले.

आप्पांनी रिकामी घागर खाली ठेवली आणि माझ्याजवळचा तहसिलीचा नवा कागद कोरड्या जागी, कोनाड्यात ठेवायला तिच्याकडे दिला.

"पोरी," ते म्हणाले, "भावाला सांगावा धाड."